उमेदवारीचें फळ : ‘संत तुकाराम’ पुन्हां पाहतांना

‘उमेदवारी’ हा शब्द आज निवडणुकीच्या धामधुमींत असा कांहीं सांपडला आहे कीं, त्याचा जुना अर्थ सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आमच्या वाडवडिलांच्या काळीं ‘मुलगा अमक्याकडे उमेदवारी करतो’ असें म्हटलें म्हणजे तो मुलगा एखाद्या वकिलाच्या कचेरींत, वैद्याच्या दुकानांत किंवा छापखान्यांत बिनपगारी, अथवा नांवापुरत्या पगारावर राबतो आहे, आणि राबतां राबतां शिकतो आहे, असा बोध ऐकणाऱ्यास होई. त्यांत भूषण नव्हतें, तसें लाजण्यासारखेंहि कांहीं नव्हतें. अलीकडे त्याच गोष्टीस ‘इंटर्नशिप’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. मात्र नांव बदलतांना तिची मुदत वर्षांवरून आठवड्यांवर आली, हें आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत त्यांच्या ध्यानांत आलेंच असेल.

हें आठवण्याचें कारण असें कीं, गेल्या पंधरवड्यांत प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा बोलपट आम्हीं पुन्हां एकवार पाहिला. आणि तो पाहून झाल्यावर व्ही. शांताराम यांचें ‘शांतारामा’, शांताराम आठवले यांचें ‘प्रभातकाल’ व केशवराव भोळे यांचें ‘माझें संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ हीं पुस्तकें पुन्हां चाळलीं. या चित्रपटाची कीर्ति नवी नाहीं. मुंबईस तो एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ सालीं वेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. तेव्हांपासून आजपर्यंत जवळजवळ नव्वद वर्षें त्याची स्तुति चालू आहे. आमची तक्रार स्तुतीविषयीं नाहीं, स्तुतीच्या तऱ्हेविषयीं आहे. ‘साध्याभोळ्या माणसांनीं भक्तीनें केलेलें साधेंभोळें चित्र’ असें एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या हातीं येत राहिलें आहे, आणि विद्वान् टीकाकारहि तें न तपासतां पुढें देतात. त्याचा मथितार्थ असा कीं, दामले व फत्तेलाल या दोघां दिग्दर्शकांस शिक्षण नव्हतें म्हणून त्यांच्या हातून असें कांहीं निर्मळ उतरलें. जणूं अशिक्षितपणा हीच त्यांची प्रतिभा! आम्हांस हें मत साफ चुकीचें वाटतें. हे दोघे गृहस्थ आपल्या कलेंत अतिशय शिकलेले होते. त्यांच्या शिक्षणाला शाळा नव्हती, इतकेंच.

तें शिक्षण कोठें झालें, हें पाहण्यासाठीं कोल्हापुरास जावें लागतें. बाबुराव कृष्णराव मिस्त्री (जन्म १८९०) व नात्यानें त्यांचे भाऊ असलेले आनंदराव हे दोघे नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. राजवाडा, अरण्य, नदीकांठ, देऊळ असे ते पडदे. आणि ते रंगविणाऱ्यास दोन विद्या येणें भाग असे. सपाट कापडावर खोली भासवावयाची, ही एक. आणि रंगमंचावर दिवे कोठून पडणार हें आधीं ओळखून पडद्यावरची सावली त्याच अंगानें रंगवावयाची, ही दुसरी. चुकलें कीं रात्रीं हजार प्रेक्षकांसमोर तें उघडें पडे. आनंदराव-बाबुरावांच्या याच रंगकामाच्या ओघांत विष्णुपंत दामले व साहेबमामा फत्तेलाल त्यांच्या सहवासांत आले. पुढें ज्या हातांनीं देहूच्या भिंती उभ्या केल्या त्यांचे पहिले धडे या कापडावर झाले आहेत.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं प्रदर्शित झाला, आणि या भावांस चित्रपटाचें वेड लागलें. परदेशांतून कॅमेरा आणविण्यास पैसा नव्हता. तेव्हां त्यांनीं एक जुनें प्रक्षेपणयंत्र विकत घेतलें, आणि तें समजून घेऊन कॅमेरा घरींच तयार करावयाचें ठरविलें. ही गोष्ट सर्वत्र एका वाक्यांत सांगून सोडून देतात. आमच्या मतें सर्व रहस्य येथेंच आहे, म्हणून तिच्यापाशीं थोडें थांबावें.

प्रक्षेपणयंत्र व कॅमेरा यांचें मर्म एकच असतें. फीत सतत वाहत नाहीं; ती एक चित्रभर सरकते आणि थांबते, पुन्हां सरकते आणि थांबते. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या दोन्ही कडांना छिद्रें असतात, एका चित्रास प्रत्येक कडेला चार; त्यांत यंत्राचा दांता अडकून फीत खालीं ओढतो. ती सरकत असतां झडप मिटलेली पाहिजे, आणि झडप उघडी असतां फीत अगदीं निश्चल पाहिजे. मूकपटांच्या काळीं कॅमेरा हातानें फिरवीत. दांड्याच्या एका फेऱ्यास आठ चित्रें आणि सेकंदास दोन फेरे, हें साधारण प्रमाण. म्हणजे सेकंदांत सोळा वेळां हें ओढणें, थांबणें, उघडणें व मिटणें एकमेकांशीं जुळून आलें पाहिजे. केसाएवढी चूक झाली तरी पडद्यावर ती शेंकडों पटींनीं मोठी होते, आणि देऊळ उभें असावयाचें तें नाचूं लागतें. सुतार-लोहारांच्या हत्यारांनीं हें जुळवावयाचें म्हणजे किती वेळां जुळवून पुन्हां सोडावें लागलें असेल, याचा वाचकांनींच विचार करावा. १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबुरावांनीं काम सोडलें नाहीं. दामल्यांस हाताशीं घेऊन १९१८ सालीं त्यांनीं कॅमेरा पुरा केला. आणि तानीबाई कागलकर या गायिकेच्या आर्थिक साहाय्यावर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० सालीं पुण्यास झळकला. लोकमान्य टिळकांनीं बाबुरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हटलें, ही आख्यायिका बहुतेकांस ठाऊक आहे.

ज्या मनुष्यानें कॅमेरा स्वतः बनविला त्याला चित्र कां हलतें हें कोणास विचारावें लागत नाहीं. आणि त्या मनुष्याच्या शेजारीं बसून ज्यानें कानस चालविली, तो शिष्यहि पुढें ध्वनिलेखनाचें यंत्र पाहून घाबरत नाहीं. बोलपटाचा काळ आला तेव्हां प्रभातचें ध्वनिमुद्रण दामल्यांनीं हातीं घेतलें, यांत कोणी चमत्कार मानूं नये.

येथें एक लहानशी गोष्ट सांगावीशी वाटते. बाबुराव हे मिस्त्री घराण्यांतले. पण जगानें त्यांना ओळखलें तें बाबुराव पेंटर म्हणून. हात तोच, ब्रश तोच. परंतु ‘मिस्त्री’ म्हटलें कीं आपण पांढरपेशे लोक त्यास ओटीवर उभा करून बोलतों, आणि ‘पेंटर’ म्हटलें कीं खुर्ची देतों. एका इंग्रजी शब्दानें जें अंतर कापलें तें कापावयास आमच्या वर्गाच्या मनाला अजूनहि जड जातें.

फाळक्यांचा मार्ग निराळा होता, असें म्हणून कोणी आमचें म्हणणें खोडूं पाहील. फाळके पुस्तकें वाचून शिकले, १९१२ सालीं लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, हें खरें. परंतु त्यापूर्वीं मुंबईची कलाशाळा, बडोद्याचें कलाभवन, छायाचित्रण, ठसे तयार करणें व छपाई यांत त्यांचीं कितीतरी वर्षें गेलीं होतीं. लंडनलाहि त्यांनीं सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओंत जाऊन काम प्रत्यक्ष पाहिलें. आणि परत आल्यावर पहिलें काय केलें, तर कुंडींतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो याचें चित्रण. पुस्तक त्यांच्याहि हातीं लागलें तें तयार हातांत पडलें. दोघांच्या वाटा फार लांबून येतात, पण मिळतात एकाच ठिकाणीं.

आतां ‘शांतारामा’ या पुस्तकाविषयीं दोन शब्द. १९८६ सालीं निघालेलें हें आत्मचरित्र मोठें आहे, आणि सर्वत्र सारखें सरस नाहीं. कीर्ति मिळाल्यानंतरचीं प्रकरणें वाचतांना आम्हांस पुष्कळदां सत्कारसभेला बसल्यासारखें वाटलें. परंतु सुरवातीचा भाग, म्हणजे गंधर्व नाटक मंडळींतलें पोरपण, हुबळीच्या रेल्वे कारखान्यांतलें काम, चित्रगृहांतलीं पडतील तीं कामें, आणि बाबुराव पेंढारकरांच्या ओळखीनें महाराष्ट्र फिल्म कंपनींत झालेला प्रवेश, हा भाग मराठींतल्या कोणत्याहि आत्मचरित्राच्या पंक्तीस बसेल असा आहे. कारण येथें लेखक आपलें मोठेपण सांगत नाहीं, काम सांगतो. झाडलोट, ओझीं वाहणें, फीत धुणें, तुकडे जोडणें, रंगभूषा, वेळ पडल्यास नटाचें काम, अशा सर्व खात्यांतून तो गेला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटांत त्यानें तरुण शेतकरी रंगविला, आणि दोन वर्षांनीं ‘नेताजी पालकर’चें दिग्दर्शन धायबरांसह केलें. कोणत्या दिवशीं तो ‘शिकला’ असें दाखवितां येत नाहीं. उमेदवारीचें हेंच लक्षण आहे. तिला परीक्षेची तारीख नसते.

याचा थोडासा अनुभव आम्हांसहि आहे. फार वर्षांपूर्वीं आम्ही एका छापखान्यांत मुद्रितें तपासावयास बसत असूं. शुद्धलेखनाचे नियम आम्हांस मुखोद्गत होते, आणि त्याचा गर्वहि होता. तेथें एक वृद्ध जुळारी होते. पहिल्याच आठवड्यांत त्यांनीं आमचीं तपासलेलीं पानें परत आणून दिलीं आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही शब्द वाचतां. अक्षर वाचा.” मग त्यांनीं आम्हांस केसपाशीं उभें करून चार दिवस स्वतः खिळे जुळवावयास लाविलें. उलटें अक्षर डोळ्यांस सुलटें दिसूं लागलें तेव्हां कोणता खिळा कोणत्या घरांत चुकून पडतो आणि कोणती चूक कां होते, हें आपोआप कळूं लागलें. नियमांचें पुस्तक खोटें नव्हतें. तें फक्त त्या चार दिवसांनंतर उपयोगी पडूं लागलें.

असो. मूळ चित्रपटाकडे वळूं. १९२९ सालीं दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम हे चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनींतून बाहेर पडले, आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या आधारानें कोल्हापुरांतच प्रभात निघाली. १९३३ सालीं ती पुण्यास आली. ‘संत तुकाराम’ हा या पुण्याच्या स्टुडिओंतला. त्याच्या अगदीं आरंभींच एक प्रसंग आहे, तो टीकाकारांनीं पाहिला आहे, परंतु आमच्या मतें पुरा वाचलेला नाहीं. तुकोबा अभंग गातात. मग तोच अभंग साळोमाळो आपला म्हणून गातो. शब्द तेच, अक्षरहि बदललेलें नाहीं. तरी ऐकणाऱ्यास क्षणांत कळतें कीं हें उसनें आहे. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हां सूर श्वासाबरोबर येतो, अंग हलत नाहीं, डोळे कोठें आहेत हें त्यांनाहि ठाऊक नसावें. साळोमाळो गातो तेव्हां तान आधीं येते आणि अर्थ तिच्या मागून धांवत सुटतो. हातवारे तर विचारूंच नयेत. संवादांतून एक शब्द न सांगतां दिग्दर्शकांनीं खरें व नकली यांतला भेद कानांस पटविला आहे. ही साधेभोळेपणाची करामत म्हणतां येईल काय? ज्यानें आवाज टिपण्याचें यंत्र स्वतः हाताळलें आहे, त्यालाच कोठें आवाज मोकळा सोडावा आणि कोठें त्याचें प्रदर्शन करावें हें सुचतें.

आणि याच चित्रपटांत एक मोठी गंमत आहे. यांतलें एक पद तुकोबांचें नसून शांताराम आठवले यांचें आहे. तें इतकें जमलें कीं कित्येकांनीं तें तुकोबांचेंच धरून चालविलें. साळोमाळो अस्सल अभंग चोरतो, आणि तो त्याच्या तोंडीं नकली वाटतो. आठवले स्वतःचें पद लिहितात, आणि तें अस्सल ठरतें! नक्कल आणि उमेदवारी यांतला फरक याहून स्पष्ट कोणी दाखवावा? नकलेंत वस्तु उचलली जाते. उमेदवारींत वस्तु जेथून निघाली तेथपर्यंत जावें लागतें. आठवल्यांना गाथेच्या शब्दांशीं, तिच्या यमकांशीं, तिच्या ठेचाळत जाणाऱ्या चालीशीं बराच काळ राहावें लागलें असलें पाहिजे, त्याविना असें पद होत नाहीं. भोळ्यांनीं त्याला दिलेली चालहि गाणाऱ्याच्या थाटापेक्षां भजनी मंडळींतल्या माणसाच्या श्वासास सोसेल अशीच आहे.

गौरी या नटीचें जिजाईचें काम हें आमच्या दृष्टीनें या चित्रपटाचें शिखर होय, आणि तें पागनिसांच्या कामाहूनहि वरचें आहे. ही बाई कोणत्या नाट्यशाळेंतून आलेली नव्हती. प्रभातमध्येंच किरकोळ कामें करतां करतां ती पुढें आली. तिची जिजाई म्हशीशीं बोलते, पोरांना हांकते, नवऱ्यावर खेकसते, आणि मूल आजारी पडतें तेव्हां त्याला फरफटत देवळांत नेऊन पायांतली वहाण घेऊन विठोबाशीं भांडते. त्या प्रसंगीं तिच्या तोंडाकडे सर्वजण पाहतात. आम्हीं या वेळीं तिचे हात पाहिले. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवितांना, भांडें उचलतांना, पोराचें मनगट धरतांना तिच्या हातांत एक क्षणभरहि अभिनय नाहीं. ज्या बाईनें हीं कामें जन्मभर केलीं आहेत तिचे ते हात आहेत. आणि दिग्दर्शकांचें मोठेपण असें कीं त्यांनीं ते हात तसेच राहूं दिले. आजच्या कितीतरी चित्रपटांत नायिका चुलीपुढें बसते तेव्हां तिनें पूर्वीं कधीं भाकरी थापली नाहीं हें पहिल्या थापेस कळतें.

फत्तेलालांचें देहू हाहि असाच एक विषय आहे. भिंतीचा ओबडधोबडपणा, दाराची उंची, अंगणांतला उतार यांत कोठेंहि ‘खेडें दाखविण्याचा’ आव नाहीं. पडदे रंगविणाऱ्याला भिंत खोटी कशी दिसते हें ठाऊक असतें. म्हणूनच ती खरी कशी दिसेल हेंहि त्याला कळतें.

मात्र त्याच शिक्षणाची एक उणीवहि या चित्रांत आहे, आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं. चमत्काराचे प्रसंग येतात तेथें ही मंडळी पुन्हां पडदे रंगवूं लागतात. शिवाजीमहाराजांस पकडावयास आलेल्या शिपायांना जिकडे तिकडे शिवाजीच दिसतात, आणि अखेरीस वैकुंठास नेणारें गरुडाचें विमान येतें. या ठिकाणीं यंत्राची हौस कथेवर मात करते. ‘आम्हांस हें करतां येतें’ हा आनंद त्यांत आहे, पण ‘हें करावयास हवें होतें काय’ हा प्रश्न नाहीं. गुरूच्या हाताखालीं शिकलेला मनुष्य गुरूची आवडहि उचलतो, आणि ती आवड तपासून पाहण्याची संवय त्याला त्या कारखान्यांत बहुधा लागत नाहीं.

दुसरे दोष याहून गंभीर आहेत. उमेदवारीची जुनी पद्धति निर्दोष होती असें म्हणणारा मनुष्य एकतर कधीं उमेदवार नसावा, किंवा उस्ताद तरी असावा. विद्या जातींत व घराण्यांत कोंडली जाई. पोराचीं वर्षें फुकट राबवून घेतलीं जात. उस्तादाची मर्जी गेली कीं शिक्षण संपलें. आणि मुलींना तर या दाराशींहि कोणी उभें केलें नाहीं. गौरीला काम मिळालें तें पडद्यावर. कॅमेऱ्यामागें बसून शिकण्याची वाट तिच्या पिढींतल्या स्त्रियांस जवळजवळ बंदच होती. शाळेनें व संस्थेनें हें दार उघडलें, हा त्यांचा उपकार लहान नाहीं. कागलच्या फत्तेलालांस आणि पेणच्या दामल्यांस एका मिस्त्रीच्या कर्मशाळेंत एकत्र बसतां आलें, हें कोल्हापूरचें भाग्य; सर्व गांवांचें भाग्य तसें नव्हतें.

म्हणूनच प्रभातच्या अखेरीची कथा आम्हांस केवळ शोकाची वाटत नाहीं. १९४२ सालीं शांताराम बाहेर पडले, १९४५ सालीं दामले वारले, आणि पुढल्या दशकांत कंपनी बंद झाली. परंतु तोंपर्यंत तिच्या आवारांत दुसरी पिढी राबून तयार झाली होती. राजा नेने, दत्ता धर्माधिकारी, अनंत माने हे तेथलेच उमेदवार. नृत्यदिग्दर्शनाचें काम करावयास आलेला गुरुदत्तहि १९४४ पासून कांहीं काळ तेथेंच होता. १९६० सालीं त्याच आवारांत सरकारनें चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. जेथें पोरें झाडू मारतां मारतां शिकत होतीं तेथें आतां प्रवेशपरीक्षा होऊं लागली. या संस्थेनें मणि कौल, कुमार शाहनी, अडूर गोपालकृष्णन् अशीं माणसें दिलीं. ऋत्विक घटकांनीं तेथें शिकविलें. त्यांची चित्रें पाहिलेला कोणीहि शाळेची टवाळी करणार नाहीं. आम्हीहि करीत नाहीं. इतकेंच विचारतों कीं, तेथें जी पोरें नांव काढून गेलीं त्यांनीं वर्गांत बसून अधिक शिकलें, कीं रात्रीं तुकडे जोडावयाच्या खोलींत, थोरल्या विद्यार्थ्याच्या खांद्यावरून वांकून पाहतांना? आमच्या ओळखींतल्या एका गृहस्थाचे चिरंजीव तेथें होते. ते सांगतात कीं, अभ्यासक्रमांतलें पुष्कळसें विसरलें. परंतु एका जुन्या तंत्रज्ञानें दिवा दोन बोटें मागें सरकवून चेहऱ्यावरची सावली कशी मऊ केली, तें अजून बोटांत आहे.

या गृहस्थांनीं मुलाला तिकडे पाठविलें तेव्हां त्यांच्या घरीं महिनाभर रडारड झाली होती. मुलगा हुशार होता. त्यानें यंत्रविद्येची पदवी घ्यावी अशी सर्वांची इच्छा होती. गंमत अशी कीं, पदवी घेऊन तो जें यंत्र कागदावर शिकला असता तसें एक यंत्र त्याला संस्थेच्या पहिल्याच महिन्यांत उघडून पुन्हां जोडावें लागलें. आईला मात्र हें अखेरपर्यंत ‘मिस्त्रीकाम’च वाटत राहिलें. ती जिजाईचें काम डोळे भरून पाहते. आपल्या मुलाच्या हाताला लागलेलें तेल मात्र तिला बघवत नाहीं.

‘संत तुकाराम’ ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं तो अवश्य पाहावा, आणि पाहिला असेल त्यांनीं एकदां गाण्यांकडे दुर्लक्ष करून पाहावा. शेवटीं तुकोबा पत्नीला वैकुंठास चलण्याविषयीं विचारतात, आणि घरकामांत गुंतलेली जिजाई तें मनावर घेत नाहीं. गरुड, विमान, ढग हें सारें त्यानंतर येतें. आमचें लक्ष तोंपर्यंत चुलीपाशींच राहिलेलें असतें.